उंबरा कापला न्हाई

सुमन, तू माझ्या भावाची लेक, आपलं डिंगोऱ्याचं घर कसं ऐसपैस, उंच दाराचं, ते तुला सांगायला नको. त्या घरातनं लग्न होऊन मी घाटघरला आले आणि माप ओलांडताना कपाळ असं आपटलं चौकटीला, की मुंडावळ्याच तुटल्या. सासरे आतनं म्हणाले, सूनबाई, आमच्या घाटाचा वारा बी ह्या दारातनं वाकून येतो, तू बी वाकून ये. लई हसली मंडळी. मी लाजून मान वर केली न्हाई, आणि खरं सांगते, त्या घरात मान खाली असलेलीच बरी, वर केली की वासा लागतो डोक्याला.

घर बुटकं का, तर नाणेघाटातनं पावसाळ्यात वारा असा वर येतो की पडतं पाणी बी उलटं उडतं. उंच घराचं छप्पर ऱ्हातच न्हाई. म्हणून सासऱ्यांच्या बापानं घर खाली दाबून बांधलं. भायेर दगड, आत कारवीच्या काड्यांचा कूड, त्याला शेणमातीचा लेप, वर कौलं. पुढं सोपा, मागं माजघर, बाजूला त्याच छपराखाली गोठा. खांब समदे दगडाच्या उंच बैठकीवर उभे. आणि दाराला उंबरा चांगला वीतभर, झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून. त्या उंबऱ्याला रोज सकाळी हळदी-कुंकू लावल्याबिगर मी चूल पेटवली न्हाई कधी.

गेल्या साली वानरांनी लई कौलं फोडली. आमचे हे पावसाच्या आधी फुटकी काढून कौलं चाळायला वर चढले, शेवाळावरनं पाय सरकला, आणि अंगणात पाठीवर पडले. कंबरेखालचं अंग गेलं. दवाखाना झाला, मग आमच्या संतोषनं त्यास्नी मंचरला फ्लॅटवर नेलं. पोराचं काय चुकलं न्हाई हां, लिफ्ट हाय, संडास आत हाय, सून बी गुणाची. पण ह्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून दिवसभर हायवेच्या गाड्या बघायच्या. जेवण तुटलं. मला म्हणायचे, अगं, पावसाच्या आत मला घरी ने, इथं पाऊस आलेला कळत बी न्हाई.

संतोष ह्यांना म्हणाला, जा की, पण आधी ते घर पाडू आणि स्लॅब टाकू, त्याच घरानं तुमची कंबर मोडली. हे म्हणाले, घरानं न्हाई रं, शेवाळानं मोडली. आणि घर पाडल्यावर मी येऊ कुठं?

तेवढं ऐकलं आणि मी एकटी घाटघरला आले. काय सांगू तुला, चारचौघांत तोंड न उघडणारी मी, बबन गवंड्याच्या दारात जाऊन उभी ऱ्हायले. म्हटलं, भावजी, खुर्ची घरात गेली पायजे, आणि घर घर ऱ्हायलं पायजे. त्यांनी येऊन बघितलं. म्हणाले, वहिनी, सोपं हाय, उंबरा कापून टाकतो. मी म्हटलं, उंबरा न्हाई कापायचा. मग खुर्ची काय उडून जाणार व्हय, म्हणाले.

ह्यांना फोन लावला. हे तिकडनं म्हणाले, बबन, उंबरा खाली येत न्हाई ना, मग जमीन वर घे.

बबनभावजींनी डोकं खाजवलं. आत मुरूम भरला तर खांबाची लाकडं मातीत जातील, वाळवी लागंल, म्हणाले. मग आमी दोघांनी खांबाच्या बैठका वितीनं मोजल्या, आणि दगड उंबऱ्यापेक्षा उंच निघाला! आजेसासऱ्यांनी जणू आमच्यासाठीच ठेवला व्हता. मंचरला जाऊन खुर्चीची रुंदी सुतळीनं मापून आणली, ती दारात धरली तर दोन्हीकडं बोटबोट जागा उरली.

मग काय, मुरूम भरला, पाणी मारलं, चोपून चोपून बसवला, आणि मी शेणानं सारवला. उंबऱ्याची वरची बाजू उघडी ठेवली, कुंकवापुरती. भायेर अंगणाकडं लांब उतार काढला, वर कौलांच्या दोन ओळी पुढं वाढवल्या, म्हंजी पागोळ्या उतारापल्याड पडाव्यात. गोठा रिकामाच व्हता, तिथं संडास-न्हाणी केली, पण तिला वेगळी विटांची भिंत घातली, कुडापासनं हातभर लांब. मातीला ओल लागली की ती सुटते, म्हणून.

शेवटी संतोष बघायला आला, आणि दारातच त्याचं डोकं आपटलं. आई, काय केलंस हे, आधीच बुटकं, त्यात जमीन वर घेतलीस, दार अजून खाली आलं! मी म्हटलं, बाबा, उभं ऱ्हाऊन जाणाऱ्यांसाठी न्हाई केलं. बसलेल्याला दार पुरतंय. तो तिथंच उतारावर बसला, कपाळ चोळत. मग उठला आणि फावडं घेऊन उताराची कड नीट करायला लागला. स्लॅबचं पुन्हा काढलं न्हाई.

पावसाच्या आधी ह्यांना आणलं. अर्धं गाव जमलं व्हतं. मी भाकर-तुकडा ओवाळून टाकला, संतोषनं खुर्ची ढकलली, चढ चढली, दाराशी आली. आणि ह्यांनी जन्माच्या सवयीनं मान वाकवली. मी म्हटलं, अवो, ताठ बसा, आता न्हाई लागत. तर म्हणाले, तुझ्या भरवशावर ताठ बसू व्हय, तुझ्या तर मुंडावळ्या तुटल्या व्हत्या! समदे खोखो हसले. तोवर चाकं कधी आत गेली, कळलं बी न्हाई.

आता झड चालू हाय बघ, ऐकू येतीय का कौलांवर? हे सोप्यात बसून ऐकत्यात, भाकरी मागून खात्यात. उंबरा आता जमिनीच्या बरोबरीला हाय, तरी येणारा जाणारा तिथं पाय उचलूनच टाकतो, मी बी. चाकाला तेवढं उचलावं लागत न्हाई. सुखी ऱ्हा पोरी, आणि जाताना डोकं सांभाळ.