ब्रिनला पळवल्याच्या तक्रारीबाबत

मी ड्वेन हॉस्टेटलर, वय ४७, धंदा घरांच्या हीटरची दुरुस्ती, राहणार मिल रोड, हॅडली क्रीक, ओहायो. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, लोर्ना ही माझी घटस्फोटित पत्नी असून ब्रिन, वय १७, ही माझी मुलगी आहे. मूल ज्याच्या घरी वर्षात जास्त रात्री झोपेल त्याने ते आयकराच्या कागदावर आपले म्हणून दाखवावे, म्हणजे त्याचा कर कमी होतो, असा नियम आहे. त्याप्रमाणे मी ब्रिनला दाखवले. काल संगणकाने कागद परत पाठवला. ही मुलगी आधीच कोणीतरी वापरली आहे, असे कारण दिले. कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आज दुपारी चार वाजता मी लोर्नाच्या अंगणात गेलो. सोबत फ्रिजवरचे कॅलेंडर होते. त्यात माझ्याकडच्या रात्रींवर लाल खुणा आहेत. मी थोड्या वरच्या आवाजात म्हणालो, "चोरटे, पोरगी परत कर!"

लोर्ना तिचे कॅलेंडर घेऊन बाहेर आली. "दोनशे चार रात्री माझ्याकडे होती, मोज!"

माझ्याकडे दोनशे सात निघाल्या. वर्षात एवढ्या रात्री नसतात, असे शेजारीण श्रीमती प्रुइट कुंपणावरून म्हणाल्या. मुलगी पळवली असे समजून पोलिसांना फोन त्यांनीच केला, आणि पोलीस आल्यावर मीही लोर्नाविरुद्ध तशीच तक्रार दिली.

तेवढ्यात ब्रिन आइस्क्रीमच्या दुकानातून काम करून आली. पगारातून कापलेला कर परत मिळावा म्हणून तिने जानेवारीतच फोनवरून स्वतःचा कागद भरला होता.

"त्यात विचारलं होतं, तुला कुणी आपल्यावर अवलंबून दाखवू शकतं का. मी 'नाही' लिहिलं. म्हणून कागद परत आला."

"अगं बये, का?" लोर्ना म्हणाली.

"दर रविवारी घर बदलताना बॅग मीच भरते ना, मम्मा! आणि तुम्ही रात्री मोजता. मी जेवले का, हे कुणी मोजलंय?"

मला फार वाईट वाटले.

चूक दुरुस्त करताना कोणाच्या कागदावर जायचे ते ब्रिनने ठरवावे, असे ठरले. तिने शुक्रवारपर्यंत मुदत मागितली आहे. लोर्नाविरुद्धची तक्रार मी आजच मागे घेतो. ब्रिनने लोर्नाचे नाव सांगितले तरीही मागे घेतो, असे स्पष्ट लिहावे.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. शेवटचे वाक्य नक्की ठेवायचे का, असे अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारले. ठेवायचे आहे.