चिमणीला अजून कामं आहेत

“या जगात काहीच टिकत नाही, हे मनावर ठसवणारी कला आहे ही!”

“रांग तेवढी टिकलीय, अहो.”

प्रदर्शनात माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

“त्या पडद्याला आपण गोष्ट सांगायची. बोलतोय तोवर चिमणी-कावळा दिसतात. थांबलो की पुसले जातात.”

“मग तुम्हीच सांगा. तुमची चिमणी बाळाला न्हाऊ घालते, पावडर लावते, जोजवते, आणि कावळा आपला बाहेर भिजतोय!”

“दार उघडायच्या आत आपली मुलगी झोपून जायची, त्याला मी काय करू?”

“आज उघडा.”

“आजच का?”

“परवा घशाचं ऑपरेशन आहे. आवाज परत येईलच असं नाही, म्हणाले ना डॉक्टर?”

“जन्मभर म्हणत आलीस, जरा गप्प बसा.”

“म्हटलं असेल. तुम्ही कधी ऐकलंत माझं?”

“मग आज तर दार उघडतच नाही. चिमणीला अजून पुष्कळ कामं आहेत.”

“बरं. भांडीसुद्धा घासायला लावा तिला.”

“कपडेही राहिलेत.”

“चला, आपला नंबर आला.”

जाता जाता बाई माझ्याकडे वळल्या.

“भाऊ, एवढी पिशवी धरता का? आम्हाला जरा वेळ लागेल.”