हूं कोण म्हणणार?

...आणि वर म्हणे, मुलगी अडखळते! तुम्हाला सांगतो, अडखळते म्हणे! आमची तिलिला! माझी भाची! जी घरी बोलायला लागली की चहा उतू गेलेला कुणाला कळत नाही, ती! पण प्रवेशाच्या परीक्षेत तिझनितच्या शाळेतल्या सलवाबाई म्हणाल्या, "पोरगी नुसतं 'मग... मग... मग...' करते. दोन भाषांचा गुंता झालाय डोक्यात. घरची ती डोंगरातली बोली, तशलहीत, बंद करा, फक्त अरबी बोला. पुन्हा अडखळली तर पहिलीत घेणार नाही."

बंद करा? आमच्या आईला दुसरी भाषा येतच नाही हो! तिनं काय नातीशी खुणांनी बोलायचं? पण हे बाईंना सांगणार कोण? भावजी कासाब्लांकाला दुकानात, ताई बदाम फोडायला, उरलो मी. आणि मी काय बोलणार? मी आपला चपलांकडं बघत.

परीक्षा पुन्हा झाली. टेबलावर चार चित्रं. "सांग गोष्ट."

"एक बकरी होती..." तिलिला थांबली. बाई गप्प. "अर्गानच्या झाडावर चढली..." थांबली. बाई गप्प. "मग... मग... मग..." बाईंनी कागदावर रेघ मारली. आणखी एक! पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी? मी आपला चपलांकडं बघत!

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अहो, ती अडखळत नव्हती, ती वाट बघत होती! हुंकाऱ्याची! आमच्याकडं गोष्ट अशीच चालते ना... आई एक वाक्य सांगणार, ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं, तेव्हा पुढचं. "हूं" आलं नाही की गोष्ट जागच्या जागी उभी. लहानपणी मी एकदा पेंगलो, तर राजकन्या दोन दिवस विहिरीत होती, तुम्हाला सांगतो! आई म्हणाली, "तुला नकोय ना ती? मग मी कशाला बाहेर काढू?"

पण हे बाईंपुढं बोलायचं कसं? शेवटी डोळे मिटले आणि म्हटलं, "हूं!" असं मोठ्यानं, की बाईंचं पेन पडलं.

पोरगी सुटली! बकरी शेंड्यावर, गुराखी खाली, अरबी शब्द सापडला नाही की तशलहीत घालायची आणि पुढं पळायची! "हूं!" बकरीनं गुराख्याचं पागोटं खाल्लं... "हूं!"

"अगं, पण पागोटं चित्रात नाही!" बाई ओरडल्या.

"मामा, यांना हूं म्हणायला सांग ना," तिलिला वैतागली, "मध्येच काय बोलतात!"

आणि तुम्हाला सांगतो, चार वाक्यांनंतर बाई स्वतःच पुढं वाकलेल्या... "हूं... मग? उतरली का?"

घेतली हो पहिलीत! आईची तशलहीतही वाचली! मी निघालो, तर बाई म्हणाल्या, "थांबा. माझ्याकडं अशी अडखळणारी आणखी अकरा आहेत, सगळी तुमच्याच डोंगरातली. दर गुरुवारी याल?" नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं काय? "हूं!"

झालं! सातवीत शाळा सोडलेला मी, आता पहिलीच्या बाकावर बसतो, गुडघे हनुवटीला लावून. हजेरीत नाव आहे. परवा एक गुरुवार चुकवला... तर पालकांना बोलावलंय!