शांत राहण्याची तालीम

पटकीची साथ बंदरापर्यंत येऊन ठेपली, तशी धर्मशाळेपुढे टोचून घेणाऱ्यांची रांग लागली. हौसा खारवीण मासळीची रिकामी पाटी काखेत मारून उभी होती. तिच्या पुढे एक पेन्शनर आणि त्यांचं कुटुंब, आणि दोघांची चांगलीच जुंपलेली. हौसाने नजर समुद्राकडे लावली. कान मात्र पुढे ठेवले.

“अगो, ग्रीस देशातला तो तत्त्वज्ञ सांगतो, रोज सकाळी वाईटातलं वाईट आधीच मनात आणावं. मग संकट आलं तरी माणूस डगमगत नाही.”

“मनात आणा ना! मोठ्याने कशाला? मी चहा ओततेय, आणि तुम्ही म्हणताय, ‘आज ही पटकीने गेली, तरी मी शांत राहीन.’”

“ती तालीम असते.”

“म्हणून तर आज मी उठलेच नाही. डोळे मिटून गप्प पडून राहिले. म्हटलं, बघू तरी केवढी ती शांती.”

“मी जरा गोंधळलो, इतकंच.”

“जरा? धोतर सावरायचं भान नव्हतं! आळीभर बोंबलत फिरलात.”

हौसाला राहवेना.

“काकी, मग तुमी डोले उघडलात कधी?”

“हे परत येऊन रडायला बसले, तेव्हा. आणखी थोडं ऐकणार होते गो, पण शेजारीण तुळस घेऊन आली.”

“ते रडणं नव्हतं.”

“बरं, नव्हतं. उद्या तुम्ही पडा डोळे मिटून. मी शांत राहून दाखवते.”

पेन्शनरांनी धोतराचा सोगा सावरला.

“आणि तू खरंच राहिलीस तर?”

“बाही वर करा. नंबर आला तुमचा.”