यंत्र खिशात ठेवून

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक गृहस्थ तपासणी आटोपून थोरल्या बहिणीजवळ येऊन बसले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"डावा कान गेला. उजवा या यंत्रावर आणखी वर्षभर चालेल."

"आणि तू हसतोयस? तीस वर्षं देवासाठी वाजवलंस, त्याचं हे फळ?"

"ताई, महिनाभर मी रोज सकाळी रिकाम्या चर्चमध्ये अर्धा तास बसतो, कानातलं यंत्र खिशात ठेवून. पहिला आठवडा प्रभूशी नुसता भांडलो."

"मग?"

"मग भांडायलाही काही उरलं नाही. मी गप्प झालो, तर तो तिथेच होता. तीस वर्षं त्याच्यासाठी वाजवलं, पण त्याच्याजवळ असा कधी बसलोच नव्हतो."

"पुढची भीती नाही वाटत?"

"भीती शांततेचीच होती ना? तिथे तर मी रोज राहून येतो."

बहिणीने पर्सची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली.

"उद्या मीही येऊ?"

"ये. पण अर्धा तास गप्प बसायचं."

"बोलले तरी तुला कुठे ऐकू येणार आहे?"

"मला नाहीच येणार, ताई. तुला ऐकू यावं म्हणून सांगतोय."