तंबोऱ्याच्या दुकानाचं भाडं

मंडळी, ऐका! एक विचारतो – भाडं ठरवायचं कुणी? देणाऱ्यानं की घेणाऱ्यानं? ... हसू नका! पुढं दोघं शेजारी बसलेत, मला दिसतायत. नावं नाही घेत!

मिरजेत शिवलिंगआप्पा कोरे माडीवर राहायचे. खाली भाड्यानं यासीनभाई – तंबोरे बनवायचे. एक दिवस आप्पा जिन्यातनंच ओरडले, "पहिलीपासनं भाडं दुप्पट! नाहीतर जागा खाली करा!"

"आप्पा, वीस वर्षं झाली. जाऊ कुठं?"

"ते मला काय विचारता?"

बोलणं बंद! शेवटी आप्पांची बायको गौराक्का वैतागली. म्हणाली, "आज दुपारभर तुम्ही खाली बसा. यासीनभाई, तुम्ही वर. मग भांडा!"

आप्पा खाली बसले. तुळयांना तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले, मंद उजेड, लाखेचा वास... वाऱ्याची झुळूक आली – आणि तारा आपोआप गुणगुणल्या! आप्पांचे डोळे मिटले. वाटलं, आपण पाण्यावर तरंगतोय... जाग आली तेव्हा ऊन कललेलं. दुपारभर एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. तयार तंबोऱ्यांवर धूळ! आप्पांनी उपरण्यानं एक तंबोरा पुसला. मग दुसरा. पुसतच राहिले.

आणि वर? यासीनभाईंच्या पायाशी उन्हाचे कवडसे हळूहळू सरकत होते – जशी चांदण्यांची रांगोळी! केवढं देखणं! मग त्यांनी मान वर केली... अहो, पत्र्याला भोकं! कोपऱ्यात बादल्या. अंथरूण तेवढ्या एका कोरड्या जागी. मंडळी, त्या माणसानं उठून एक बादली सगळ्यात मोठ्या भोकाखाली सरकवली.

जिन्यात गाठ पडली.

"यासीनभाई, भाडं आहे तेच राहू द्या."

"छे! वाढवा आप्पा. पत्रा गेलाय."

"मी सांगतो ना, नको!"

"मी देणार!"

झालं – पुन्हा भांडण! पण असलं भांडण तुम्ही कधी ऐकलंय का हो?

गौराक्कानं तोडगा काढला – वाढ निम्मी, आणि ती आधी पत्र्यावर खर्चायची. दुसऱ्या दिवशी यासीनभाई शिडीवर चढले. खाली शिडी कुणी धरली? आप्पांनी! "जपून हो," म्हणत होते, "तुम्ही पडलात तर मला झोप कोण लावणार?"

तर बाबांनो, वाद कोर्टात न्यायचा तर न्या. मी अडवत नाही. पण त्याआधी एक दुपार समोरच्याच्या घरात बसून बघा. आणि पुढं बसलेल्या दोघांनो – प्रसाद आज एकाच द्रोणात देणार आहे. बोला, विठ्ठल विठ्ठल!