पाटीवरची तेलुगू ओळ

मंडळी, बसा निवांत. आज एकच प्रश्न विचारतो — दुकानावरची पाटी कोणासाठी असते? लावणाऱ्यासाठी, की शोधणाऱ्यासाठी? हसू नका! पुढच्या रांगेतल्या शेटजींनी आत्ताच मान खाली घातली, मी पाहिलंय!

तर ऐका. सोलापूरचा पूर्व भाग. तिथल्या बाजारपेठेत जयवंतराव दुलंग्यांचं औषधाचं दुकान. वडिलांच्या काळची पत्र्याची पाटी — वर ठसठशीत मराठी, खाली तेलुगूची एक ओळ. भोवताली सगळी तेलुगू विणकरांची वस्ती ना! पण जयवंतरावांना ती पाटी जुनाट वाटायला लागली. केली नवी! मराठी मोठी, खाली इंग्रजी, आत दिवे! मराठी मोठी हे छानच हो, आपल्या गावात आपली भाषा वर हवीच. आणि तेलुगू? "ती कोण वाचतंय आता!" म्हणाले, आणि टाकली काढून.

नवी पाटी चढली, त्याच दुपारी काय झालं? लक्ष्मय्या नावाचा म्हातारा विणकर. जन्मभर सुताची धूळ छातीत गेलेली. त्याला दम्याची धाप लागली — आणि तोंडात मारायचा पंप रिकामा! घरात फक्त म्हातारी बहीण, सत्तम्मा. नुकतीच तेलंगणातून आलेली, मराठीचा गंध नाही. भाऊ कसाबसा म्हणाला, "कोपऱ्यावर... आपली अक्षरं असलेलं दुकान..."

धावली हो ती माउली! रिकामा पंप मुठीत. दुकानासमोरून गेली — अक्षरं नाहीत! परत आली — नाहीत! आणि आमचे जयवंतराव? गल्ल्यावरून बघतायत. "कोण ही बाई, येरझाऱ्या घालतेय!" अहो, तिकडे भावाचा जीव कासावीस, आणि औषध चार पावलांवर!

तेवढ्यात रमजानभाई पेंटर जुनी पाटी काखेत धरून भंगारवाल्याकडे निघाले. सत्तम्मानं ती ओळ पाहिली, आणि पाटीच धरली घट्ट! सोडेना! रमजानभाईंनी तिच्या मुठीतला पंप पाहिला, तिला तसंच दुकानात आणलं. "शेट, ही तुम्हालाच शोधतेय!"

जयवंतराव चपापले. नवा पंप घेतला, सत्तम्माला स्कूटरवर मागं बसवलं आणि स्वतः पोचले. औषध छातीत गेलं, हळूहळू लक्ष्मय्याचा श्वास जागेवर आला.

जयवंतराव म्हणाले, "चुकलंच माझं. त्या ओळीत दुकानाचं नाव होतं ना?"

"नाव कुठलं, मालक!" लक्ष्मय्या म्हणाला. "तुमच्या वडिलांनी माझ्याकडूनच लिहून घेतली होती. 'आत या. बोलता आलं नाही तरी चालेल, हातानं दाखवा.'"

जयवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं त्या ओळीखालून ये-जा केली, अर्थ कधी विचारला नाही! संध्याकाळी जुनी पाटी नव्या पाटीखाली परत चढली.

पण मंडळी, पाटी काय, पेंटरही चढवतो. बाई दोनदा समोरून गेली आणि गल्ल्यावरचा माणूस उठला नाही, हे मला टोचतं. उद्या परमुलखातलं कोणी तुमच्या दारावरून असंच भांबावून गेलं, तर तुम्ही उठाल का? टाळ्या राहू द्या. आधी मनाशी उत्तर द्या — आणि मग खुशाल म्हणा, विठ्ठल!